लिनक्स टाकल्यावर वायफायची रेंज का घसरते आणि ती परत कशी आणायची

लॅपटॉप तोच, राउटर तोच, बसायची खुर्चीही तीच. विंडोजवर असताना वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसायच्या. लिनक्स टाकलं आणि आता सगळं एक-दोन कांड्यांवर अडलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून चांगले चालणारे जुने लॅपटॉप उबुंटू, मिंट किंवा फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांवर नेणाऱ्या नवख्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. काही जण आठवडाभर झगडतात आणि कंटाळून मागे फिरतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दुरुस्ती बरेचदा दहा मिनिटांची असते. वेळ जातो तो नेमकं काय बिघडलंय हे ओळखण्यात.

लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड आणि स्क्रीनच्या कडेने गेलेल्या अँटेनाच्या वायरी जागच्या जागी आहेत. बदलला आहे तो कार्ड चालवणारा ड्रायव्हर, त्याच्या जोडीचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंग. त्यामुळे शोधाची सुरुवात तिथूनच करायची. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवा. कुठून तरी मिळालेल्या पाच कमांड एका दमात चिकटवल्या, तर कशाने बरं झालं आणि कशाने नवं दुखणं लागलं हे पुन्हा कधीच कळत नाही.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे लिहून कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे सिस्टीममध्ये बदल करायचा आहे तिथे सुरुवातीला 'सुडो' लावा, म्हणजे कमांड सिस्टीमच्या मालकाच्या अधिकाराने चालते.

आधी मोजा

कांड्यांवर आणि टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. विंडोज उणे ५० डीबीएमला (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) १०० टक्के धरते आणि उणे १०० डीबीएमला ० टक्के. लिनक्सचा डेस्कटॉप स्वतःचा वेगळा हिशोब लावतो. त्यामुळे तिथले ८० टक्के आणि इथले ६० टक्के प्रत्यक्षात एकच असू शकतात, आणि तसं असेल तर बिघाड मुळात झालेलाच नाही. दोन्हीकडे सारखं असलेलं माप एकच: डीबीएम.

लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि 'आयडब्ल्यू डेव्ह' असं टाइप करा. त्यात 'इंटरफेस' या शब्दापुढे तुमच्या कार्डाचं नाव दिसेल, 'डब्ल्यूएलपी२एस०' किंवा 'डब्ल्यूलॅन०' अशा धर्तीचं. आता 'आयडब्ल्यू डेव्ह', मग ते नाव, मग 'लिंक'. जे उत्तर येईल त्यात तीन ओळी कामाच्या आहेत. 'फ्रीक' म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर जोडणी झाली आहे, 'सिग्नल' म्हणजे डीबीएममधला आकडा, आणि 'टीएक्स बिटरेट' म्हणजे लॅपटॉप राउटरकडे कोणत्या वेगाने डेटा पाठवतोय. विंडोज अजून बाजूला ठेवलेलं असेल तर तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' चालवा. जे टक्के दिसतील त्यांचे निम्मे करून त्यातून १०० वजा करा. ७० टक्के म्हणजे साधारण उणे ६५ डीबीएम.

आकडा उणे आहे, म्हणून शून्याच्या जवळ तितका चांगला. राउटर शेजारी असताना उणे ३० ते उणे ४५. उणे ६० पर्यंत काही काळजी नाही. व्हिडिओ कॉल विनाअडथळा हवा असेल तर उणे ६७ च्या आसपास सीमा धरा. उणे ७० च्या खाली रखडणं सुरू होतं, आणि उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. हे माप बेरजेचं नसून पटीचं आहे: ३ डेसिबल कमी झाले की ताकद निम्मी होते, १० कमी झाले की एक दशांश. म्हणजे उणे ५० वरून उणे ७० वर आलेला सिग्नल शंभरपट क्षीण झालेला असतो. उलट दोन-तीन डेसिबलची चढउतार रोजचीच आहे. तुम्ही खुर्ची वळवलीत, कोणी मधून गेलं, तरी तेवढा फरक पडतो. म्हणून दर वेळी पाच वाचनं घ्या आणि मधलं धरा. 'वेव्हमॉन' नावाचं छोटं साधन टाकलंत तर आकडा डोळ्यांसमोर हलताना दिसतो, ते मला जास्त सोयीचं वाटतं.

आता हे मोजमाप दोन ठिकाणी करा: राउटरपासून दोन मीटरवर, मध्ये भिंत नसताना, आणि मग तुमच्या नेहमीच्या जागी. पुढची सगळी वाट या दोन आकड्यांवर ठरते. दोन मीटरवरच उणे ६५ किंवा ७० दिसत असेल तर कार्डाला अँटेना नीट मिळत नाहीये. ड्रायव्हर, फर्मवेअर आणि अँटेनाचे भाग वाचा. जवळ उत्तम पण नेहमीच्या जागी खराब असेल, तर आधी बँड, म्हणजे वायफाय ज्या रेडिओ पट्ट्यात चालतंय तो, बघा. दोन्हीकडे आकडा चांगला आणि तरीही नेट रखडत असेल, तर रेंजचा दोष नाही. दोष बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचा किंवा आसपासच्या गोंगाटाचा आहे. कुठल्याही भागाकडे वळण्याआधी मात्र पुढची परीक्षा करून घ्या.

एकदा पूर्ण बंद करून बघा

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवले असतील तर ही परीक्षा चुकवू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे 'शट डाउन' केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. वायफाय कार्डही कधीकधी त्याच अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्सच्या ताब्यात तसंच येतं. गंमत अशी की 'रीस्टार्ट'ला ही सोय लागू नसते. तेव्हा विंडोजमधून एकदा रीस्टार्ट करून लिनक्समध्ये या आणि आकडा बघा. दुसऱ्यांदा शट डाउन करून या आणि बघा. फरक दिसला तर कारण सापडलं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून टाका.

कोणता बँड?

'फ्रीक'समोर २४१२ ते २४८४ मधला आकडा असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात. ५१०० ते ५९०० मधला असेल तर ५ गिगाहर्ट्झवर. पाचचा बँड वेगवान आहे, पण भिंती त्याला जास्त अडवतात. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर कोणता पकडायचा हे बरंचसं लॅपटॉप ठरवतो, आणि विंडोजचा ड्रायव्हर जे ठरवायचा तेच लिनक्सचा ठरवेल असं नाही. आतल्या खोलीत तो दुबळ्या पाचला चिकटून बसला की एक कांडी दिसते. जवळ बसून गर्दीच्या २.४ ला चिकटला की कांड्या भरलेल्या, पण वेग नाही.

'एनएम-कनेक्शन-एडिटर' उघडा, तुमचं नेटवर्क निवडा, वायफायच्या टॅबमध्ये 'बँड' असा पर्याय आहे. 'ए' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, 'बी/जी' म्हणजे २.४. एकेक निवडून, जोडणी तोडून पुन्हा जोडा आणि मोजा. राउटरच्या सेटिंगमध्ये हात घालता येत असेल तर दोन्ही बँडना वेगवेगळी नावं देणं मला जास्त पसंत आहे. मग आपण कशावर आहोत हे पाहताक्षणी कळतं.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

'एलएसपीसीआय', स्पेस, उणे चिन्ह आणि 'के' अशी कमांड चालवा. लांब यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' असलेली ओळ शोधा. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहिलेलं असतं. इंटेल कार्डाला बहुधा 'आयडब्ल्यूएलवायफाय', क्वालकॉम-अथेरॉसला 'एटीएच९के', 'एटीएच१०के' किंवा 'एटीएच११के', नव्या मीडियाटेकला 'एमटी७९२१ई', रियलटेकला 'आरटीडब्ल्यू८८', 'आरटीडब्ल्यू८९' किंवा 'आरटीएल'ने सुरू होणारं नाव. ब्रॉडकॉमची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे येतोच. कार्ड यूएसबीवर लावलेलं असेल तर 'एलएसयूएसबी' वापरा.

ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असतो, पण कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, वेगळ्या पॅकेजमधून येतो. ते जुनं किंवा अपुरं असेल तर कार्ड जोडलं जातं पण लंगडत चालतं. उबुंटू, मिंट आणि फेडोरावर सिस्टीमचे सगळे अपडेट घेतले की फर्मवेअरही नवं होतं. डेबियनवर मात्र थोडं जपा. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून मुक्त परवान्यात न बसणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं. त्याआधीच्या आवृत्तीवरून पुढे आलेल्या सिस्टीमवर ते हाताने टाकावं लागू शकतं.

नेटच नसेल तर अपडेट कसे घ्यायचे? फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वायफायचा ड्रायव्हर कितीही रुसलेला असो, लिनक्स फोनकडे साधी वायरची जोडणी म्हणून बघतं आणि काम होतं.

फर्मवेअर नीट चढलं का हे बघायला 'सुडो डीएमईएसजी' चालवा आणि आलेल्या मजकुरात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. इथे नवखे हमखास घाबरतात. इंटेलचा ड्रायव्हर सगळ्यात नव्या आवृत्तीपासून शोधायला लागतो आणि ती फाइल नसली की 'फेल्ड विथ एरर उणे २' असं लिहितो. उणे २ चा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. मग तो खालची आवृत्ती शोधतो. शेवटी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ आली असेल तर आधीच्या लाल ओळी सोडून द्या. ती ओळ कुठेच नसेल तरच पॅकेज तपासा.

ब्रॉडकॉम कार्डं जुन्या मॅकमध्ये आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये असतात. त्यांच्यासाठी एकाहून जास्त ड्रायव्हर आहेत, आणि आपोआप लागलेला नेहमी योग्य असतोच असं नाही. उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. ब्रॉडकॉमचा स्वतःचा ड्रायव्हर तिथे दिसला तर तो लावून रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा) चालू असेल तर वाटेत एक पासवर्ड बनवायला सांगतील आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो विचारतील. ती पायरी गडबडीत ओलांडली तर ड्रायव्हर दिसतो पण चालत नाही.

राउटरला खेटूनही उणे ७०: चुकीची अँटेना

हा प्रकार मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात माणसं हार्डवेअर खराब झालं असं समजून लॅपटॉपच बदलायला निघतात.

वायफाय कार्डावर बारीक सोनेरी टोपणासारखी दोन टोकं असतात, अँटेनाच्या दोन वायरींसाठी. पण खर्च वाचवायला काही लॅपटॉपमध्ये एकच वायर दिलेली असते. ती दोनपैकी कोणत्या टोकाला आहे याची नोंद कार्डाच्या चिपमध्ये करून ठेवायची असते. ही नोंद चुकली, तर ड्रायव्हर मोकळ्या टोकावर ऐकत बसतो. वायर नसलेल्या त्या टोकाला राउटर अगदी शेजारी असेल तरच थोडंफार ऐकू येतं. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये यावर तोडगा काढलेला असल्यामुळे तिथे सगळं सुरळीत भासतं.

याचं सर्वात ओळखीचं उदाहरण रियलटेकची ८७२३बीई ही चिप. तिच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये यासाठीच 'एएनटी_एसईएल' हा पर्याय ठेवला आहे. ० म्हणजे चिपमधली नोंद माना, १ आणि २ म्हणजे अमुक अँटेना सक्तीने वापरा. तुमच्याकडे हीच चिप असेल तर आधी तात्पुरतं करून बघा. 'सुडो मॉडप्रोब', स्पेस, उणे 'आर', स्पेस, 'आरटीएल८७२३बीई' ने ड्रायव्हर उतरवा. मग 'सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=१' ने पुन्हा चढवा. जोडणी झाली की मोजा. मग १ च्या जागी २ घालून पुन्हा तेच. योग्य आकडा लागला की फरक मोजायचीही गरज पडत नाही. एकच नाव दाखवणारी नेटवर्कची यादी एकदम शेजारपाजारच्या दहा नावांनी भरते.

जो आकडा लागू पडला तो कायमचा करायला 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'मॉडप्रोब.डी' या फोल्डरात 'आरटीएल८७२३बीई.कॉन्फ' नावाची फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=' आणि पुढे तुमचा आकडा. दुसऱ्या चिपवर हा पर्याय आंधळेपणाने लावू नका. 'मॉडइन्फो' आणि पुढे तुमच्या ड्रायव्हरचं नाव दिलं की त्याला कोणते पर्याय समजतात ते 'पार्म'ने सुरू होणाऱ्या ओळींत दिसतं. तिथे नसलेला पर्याय लिहून उपयोग नाही.

आकडा चांगला, तरी नेट रखडतं

आधी बॅटरी वाचवण्याची सेटिंग. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी 'मी इथे आहे' अशी हाक देतो. पॉवर सेव्ह चालू असताना कार्ड दोन हाकांच्या मध्ये डुलकी घेतं आणि तुमचा डेटा राउटरकडे ताटकळतो. काही कार्डांना हे झेपतं, काहींना मुळीच नाही. तपासणी सोपी आहे. 'आयपी राउट' चालवून 'डिफॉल्ट व्हाया'पुढचा पत्ता घ्या, तो राउटरचा. त्याला 'पिंग' करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल. वेळ दोन-पाच मिलिसेकंद असायला हवा. तो मध्येच १००-२०० वर उड्या मारत असेल तर 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह', कार्डाचं नाव, 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' अशी कमांड द्या आणि पिंग पुन्हा बघा.

आकडे शांत झाले तर ते पक्कं करा. उबुंटूमध्ये 'ईटीसी'तल्या 'नेटवर्कमॅनेजर' फोल्डरात 'कॉन्फ.डी' आहे, त्यात 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ' ही फाइल असते. तिच्यात 'वायफाय.पॉवरसेव्ह = ३' लिहिलेलं आहे. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. ३ चे २ करा आणि रीस्टार्ट करा. फाइल नसेल तर त्याच फोल्डरात नवी करा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'कनेक्शन', दुसऱ्या ओळीत ही सेटिंग. चार्जरवर नेट छान आणि बॅटरीवर रडतं असं असेल आणि 'टीएलपी' हे बॅटरी वाचवणारं साधन टाकलेलं असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_बॅट' ही ओळ 'ऑफ' करा.

पॉवर सेव्हनेही फरक पडला नाही तर टेबलावर नजर टाका. मी स्वतः पहिल्यांदा लिनक्सवर आलो तेव्हा दोन दिवस ड्रायव्हर उलटसुलट करत बसलो होतो. सिग्नल उणे ५२, बिटरेट मात्र घसरून ६ मेगाबिटवर. तिसऱ्या दिवशी जुन्या फायली परत आणायचं काम संपलं, मी एक्स्टर्नल डिस्कची केबल काढली आणि बिटरेट सरळ वर गेला. यूएसबी ३ ची केबल आणि डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. सिग्नलचा आकडा तसाच राहतो, पण गोंगाटात कार्डाला राउटरचा आवाज कळेनासा होतो. आणि सिस्टीम बदलल्यावर पहिले काही दिवस बॅकअपची डिस्क जोडलेलीच असते, म्हणून दोष नव्या सिस्टीमवर येतो. मोजण्याआधी डिस्क, हब, पेन ड्राइव्ह सगळं काढा. नंतर डिस्क वापरायचीच असेल तर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

ब्लूटूथही याच २.४ च्या पट्ट्यात आणि बरेचदा त्याच अँटेनावर चालतं. हेडफोन बंद करून मोजा. तेवढ्याने सुधारणा झाली तर पाचचा बँड हाच उत्तम उपाय.

देशाचा कोड

'आयडब्ल्यू रेग गेट' चालवा. 'कंट्री ००' असं आलं तर कार्डाला आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नाही, आणि ते सगळ्यात सावध नियम पाळतं. अशा वेळी २.४ ची १२ आणि १३ ही चॅनल आणि ५ गिगाहर्ट्झची चॅनल ते फक्त ऐकतं, स्वतःहून हाक देत नाही. तुमचं नेटवर्क उशिरा दिसतं किंवा दिसतच नाही. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट' आणि पुढे तुमच्या देशाचा दोन अक्षरी कोड मोठ्या लिपीत द्या. उत्तरात 'सेल्फ-मॅनेज्ड' असं दिसत असेल, जसं इंटेल कार्डांत दिसतं, तर कार्ड स्वतःच ठरवतं आणि ही कमांड तिथे लागू पडणार नाही. ताकद जास्त मिळेल म्हणून दुसऱ्या देशाचा कोड टाकू नका. ते बेकायदा आहे, आणि राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचण्यात त्याने काडीचा फरक पडत नाही.

तरीही काही हललं नाही तर

एका पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा फेडोराची सगळ्यात नवी आवृत्ती घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच लॅपटॉप सुरू करा. दोन मीटरवर मोजा. आकडा सुधारला तर तुमच्या सिस्टीमचा कर्नल किंवा फर्मवेअर जुनं आहे. नवी आवृत्ती घ्या. खरं तर ही परीक्षा सिस्टीम बदलण्याआधीच करायला हवी. विंडोज पुसण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून अर्धा तास वायफाय वापरून बघितलं, तर नंतरची धावपळ बरीच वाचते.

नव्या लिनक्सवरही वाईट आणि विंडोजवरही वाईट, असं असेल तर आता मात्र खालचं झाकण उघडायची वेळ आली. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा. कार्डावरची अँटेनाची टोपणं सैल झाली आहेत का बघा; सरळ वरून बोटाने दाबलं की बारीक टक् आवाज होऊन ती बसतात. कार्ड बदलायचंच ठरलं तर एक खबरदारी घ्या. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डं नेहमीच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीवर चालतात, पण दिसायला तशीच असणारी एएक्स२०१ आणि एएक्स२११ इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांखेरीज चालतच नाहीत. काही लॅपटॉपांचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारा आतला प्रोग्राम) तर कंपनीने मान्य केलेल्या कार्डांशिवाय दुसरं स्वीकारत नाही, तेही आधी तपासा. नवं कार्ड बसवून वायरी लावल्या की झाकणाचे सगळे स्क्रू घट्ट करण्याआधी बॅटरी जोडा, लॅपटॉप एकदा सुरू करा आणि दोन मीटरवरचा आकडा बघून घ्या.